मोजलेलं पाणी, रिकामा ओटा

तुमच्या गल्लीत कुणी दीर्घ दुखण्याने घरी बसलेलं असेल, तर त्याच्याकडे तुम्ही जाता का? डबा पोहोचवायला नव्हे, बसायला.

कळसाडीतल्या आमच्या ओट्यावर बसून माझे वडील, आबा, ऊसतोडीच्या मजुरीची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकलो ते त्याच पत्रकांवर. संध्याकाळी गप्पांना इतकी माणसं जमत की ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे.

मग आबांचे पाय सुजू लागले, दम लागू लागला. शहाद्याच्या डॉक्टरांनी समजावलं: रक्तवाहिन्यांना आतून पातळ, जिवंत अस्तर असतं. वाढलेल्या रक्तदाबाने ते वर्षानुवर्षं खराब होत गेलं. वाहिन्या ताठरल्या, हृदय थकलं, मूत्रपिंडंही थकली. आता एकाचं दुखणं दुसऱ्याचं वाढवतं. अंगात पाणी साठतं, म्हणून ते मोजूनच प्यायचं, दिवसाला एक बाटली.

आबा छातीवर बोट ठेवून, आत दाखवत एवढंच म्हणाले, "इतला वरीस मझार खराब व्हयी ऱ्हायनं, अन् माले समजनं बी नही?"

बाटलीची गोष्ट गावभर झाली आणि ओटा ओस पडला. आमच्याकडे आल्यागेल्याला आधी पाणी. ते नाकारलं तर अपमान, आणि तहानलेल्या माणसासमोर प्यायलं तर क्रूरपणा. म्हणून लोकांनी येणंच सोडलं. समोरून जाताना माना खाली घालत. असला सभ्यपणा काय जाळायचाय? आबा दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसत. मी शेजारी असूनही ते एकटेच असत.

एकदा मी त्यांच्या जुन्या सोबत्याला, शेजारच्या काकांना, रस्त्यातच अडवलं.

"काका, येत का नाही तुम्ही?"

"तुन्हा बापना सामने पानी कसं पेऊ, भाऊ?"

मी त्यांना हाताला धरून ओट्यावर आणलं. पेला हातात धरून ते नुसतेच बसले. आबा भडकले, "पे ना! त्यामा काय इख टाकेल शे का?"

काकांनी घटाघटा पेला संपवला आणि तोंड वाकडं केलं. "तुन्हा घरनं पानी अजून बी खारंच शे."

आबा हसले. दम लागेपर्यंत हसले. मग आपल्या बाटलीतला एक घोट त्यांनी तोंडात बराच वेळ घोळवला.

काका अधूनमधून येतात. बाकीचे अजून येत नाहीत. ते अस्तर पहिल्यासारखं होणार नाही, हे आबांनाही ठाऊक आहे. तरी संध्याकाळ झाली की ते सरकून शेजारी जागा करतात.

तुमच्या गल्लीतही कुणी अशी जागा करून बसलं असेल. आज जा. दिलेलं पाणी त्याच्यासमोरच प्या, आणि पेला ठेवून लगेच उठू नका.