पाटीवर नसलेली मनाई

माझ्यासारख्याने काही लिहावे हेच मुळात धाडस. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीपुढे शिकलेले नाही, आणि मीही अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षालाच आहे. चुकलेमाकले माफ करा. पण हे मी आजवर कोणालाच सांगितलेले नाही — आईला नाही, खोलीतल्या सोबत्यालाही नाही.

सुरुवात कुठून करू? शब्दांपासूनच करतो. पहिल्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सरांनी एक अख्खा तास अडवण्याच्या शब्दांवर घेतला. फॉरबिड घरातली वडीलधारी माणसे करतात, प्रोहिबिट कायदा करतो, प्रिव्हेंट म्हणजे घडण्याआधीच थांबवणे. मी ते पाठ केले, वाटेने जाताना पुटपुटत राहिलो. एवढे का आवडले असतील? आजवर मनाई आम्हालाच होत आली — तलाठ्याची, बंगलेवाल्यांची, स्टेशनातल्या बाबूची. आता तो शब्द माझ्या तोंडात होता.

आमचे गाव लोणावळ्याजवळ, डोंगराच्या पायथ्याला. वर ठाकरांची वाडी. वाडीतून बाजाराला जायची पायवाट एका बंगल्याच्या आवारातून जाते. दुसरी वाट ओढ्यावरून, लांबच्या वळशाची. वाडीतली चिमीमावशी बंगल्याच्या वाटेनेच करवंदे विकायला उतरायची. आई भातलावणीला गेली की लहानपणी मी तिच्याच अंगणात असायचो. हे आधीच सांगायला हवे होते.

त्याच वर्षीच्या वैशाखात बंगल्याच्या फाटकावर लोखंडी पाटी लागली. इंग्रजीत. राखणदारालाही ती वाचता येईना. चिमीमावशी ती बघून करवंदांची टोपली खाली ठेवून बसून राहिली, कोणी शिकलेला येईपर्यंत. आलो तो मी — पुण्याहून आलेल्या कॉलेजातल्या दोन मित्रांबरोबर. तिने त्यांच्यादेखत माझा हात धरला.

"बाळा, काय ल्हिवलंय रं? आमाला जाऊ देत्यात का न्हाई?"

पाटीवर एवढेच होते की या आवारात बंदूक चालवण्यास मनाई आहे. मी वाचले. नीट समजलेही. तिचा हात चिकाने चिकट झालेला, लुगडे फाटके, मित्र बघत होते — नाही, ही सबब नव्हे. मला तो शब्द वापरून बघायचा होता.

"प्रोहिबिटेड," मी म्हणालो. "इथून जायचं नाही. पोलीस धरतील."

मित्रांनाही वाचता येत होते. एक जण म्हणाला, साहेबांच्या राज्यात कायदा फार कडक दिसतो. मीही हसलो. चिमीमावशीने मात्र पानाच्या द्रोणात करवंदे भरून माझ्यापुढे धरली. "बरं झालं बाबा, तू व्हतास." ती आम्ही तिघांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिने वाटेच्या तोंडाशी बोरीची काटी आडवी टाकली. जाणत्या माणसाने टाकलेली काटी आमच्याकडे कोणी ओलांडत नाही. वाडीच्या बाया डोक्यावर मोळ्या घेऊन ओढ्याकडून जाऊ लागल्या. दर सुट्टीत मी ते बघत होतो. सांगायचे मनात यायचे — पण काय सांगणार? वाचायला चुकलो म्हणावे, तर शिकलो काय? खोटे बोललो म्हणावे, तर का? मी गप्प राहिलो. मग गप्प राहायची सवयच झाली.

या श्रावणात आबा, म्हणजे माझे वडील, तांदूळ घेऊन पुण्याला आले. जेवताना गावाकडची हकिकत सांगत होते. चिमीमावशीची सून बाळंतपणात अडली होती. चौघांनी झोळीत घालून तिला दवाखान्यात न्यायला काढले. काटीपाशी आल्यावर चिमीमावशीचा मुलगा म्हणाला, बंगल्यातूनच नेऊ. चिमीमावशीनेच अडवले — पोलिसांनी चौघांना धरले तर पोरीला नेणार कोण? ओढ्याला पूर होता. पलीकडे जाता येईना. सून अलीकडच्या काठावरच गेली, पोटातल्या बाळासकट.

आबांनी ताटात हात धुतला.

"राखणदार म्हनत व्हता," ते म्हणाले, "फाटक तर उघडंच व्हतं."