भिंतीची पीडीएफ

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा पुनर्वसनाच्या यादीत बाबांचं घरच नव्हतं. चूल वेगळी, दार वेगळं, पण घरटॅक्सची पावती मोठ्या काकांच्या नावावर. म्हणून दोघा भावांत मिळून एकच प्लॉट. हरकत घेतली, तर कार्यालयाने वेगळ्या घराचा पुरावा मागितला. घर तर पाण्याखाली. बाबा खचले. मी मात्र इरेला पेटले.

पुरावा माझ्या लग्नाच्या सीडीत होता. आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर पेंटर नवरानवरीची नावं, तारीख आणि खाली घरमालकाचं नाव रंगवतो. शूटिंगवाल्याने ती भिंत दाखवली होती. तिच्यासमोरून बाबा बादली घेऊन जातात आणि पलीकडे काकांचं दार दिसतं.

पण कार्यालयाला सगळं पीडीएफमध्येच हवं होतं. मी लाखनीत पोरींना कॉम्प्युटर शिकवायची, तरी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. व्हिडिओच्या फाइलच्या नावाला शेवटी 'डॅट' असं प्रकाराचं शेपूट होतं, ते खोडलं, तिथे 'पीडीएफ' लिहिलं आणि पेनड्राइव्ह नेऊन दिला. फाइल उघडेचना. बाबू शांतपणे म्हणाला, "पाटी बदलवल्यानं दुकान नाही बदलत, मॅडम."

मी चिडले, पण त्याचं बरोबर होतं. मग एक अख्खा रविवार सीडी पुढेमागे केली. व्हिडिओत सगळं हलतं, तेच त्याचं सुख, आणि मला नेमकं तेच नको होतं. कॅमेरा सरकला की अक्षरं फिसकटायची. एका जागी तो क्षणभर थांबला होता. तिथे बाबांचं नाव स्वच्छ वाचता आलं. तशी सहा चित्रं काढली, एकाखाली एक लावली आणि खरी पीडीएफ केली.

प्रिंट हातात घेऊन बाबांनी स्वतःच्या चित्रावर बोट ठेवलं. "सीडीत तं मी चालून राहिलो. इथं उभा काहून?"

"सायबाले उभाच माणूस पायजे, बाबा," मी म्हटलं.

प्लॉट मिळाला. घर उभं राहिलं. चुना वाळला तसं बाबांनी पेंटर बोलावला आणि दर्शनी भिंतीवर माझ्या लग्नाचा तोच मजकूर, तीच जुनी तारीख, खाली स्वतःचं नाव रंगवून घेतलं. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. शेजारी विचारायला आले, लग्न कुणाचं?

"लगन कवाचंच झालं," बाबा म्हणाले. "घर आता झालं."