मूर्तिजापूरच्या पलीकडे

माझ्या मोठ्या मामांइतका प्रवासाला भिणारा आणि त्यांच्याइतका भटक्या, असा दुसरा माणूस अख्ख्या अमरावतीत सापडायचा नाही. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचं नुसतं तिकीट घरात आलं की मामांचं पोट बिघडायचं. बॅग भरली जायची, औषधं राहिली म्हणून उपसली जायची, पुन्हा भरली जायची. बडनेरा स्टेशनवर ते इतक्या लवकर पोचत की तिथला चहावाला त्यांना आधीच्या गाडीला कुणाला तरी सोडायला आलेले समजे. आणि एवढा खटाटोप करून, जेमतेम तासाभरावरचं मूर्तिजापूर आलं की हमखास उतरत आणि परतीची गाडी धरत. कारण विचारलं तर म्हणत, "काय सांगू पोरी, गाडी सुटली का मले वाटते, घर मागं मागं पळून राहिलं."

पण रात्रीच्या जेवणाला घरी येता येईल अशी कुठलीही जागा त्यांच्या लेखी प्रवासात मोडत नसे. जी शहर बस आधी येईल तिच्यात बसायचं आणि मनाला येईल तिथं उतरायचं, हा त्यांचा रविवार. एकदा असेच एका अनोळखी साखरपुड्यात शिरले. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. मामांनी तिथं रुसून बसलेल्या एका आत्याबाईंची समजूत काढली, पोटभर जेवले आणि आशीर्वाद देऊन आले. चांदूर बाजारला आलं आणायला गेले, ते संत्र्यांच्या टेम्पोत ड्रायव्हरच्या घरची सारी कहाणी ऐकत परतले. आलं विसरले, पण त्या ड्रायव्हरच्या मुलीसाठी स्थळ मात्र बघू लागले.

मामींना मात्र एकच हौस होती. त्यांना समुद्र पाहायचा होता. मामा निवृत्त झाले तेव्हा मी दोघांची मुंबईची तिकिटं काढून दिली. निघाले त्याच दिवशी दुपारी मामींचा फोन आला. "आमी मूर्तिजापूरले उतरलो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून मलाच जास्त वाईट वाटलं. मामांनाही वाटलं असणार, कारण ते परतीच्या गाडीसाठी थांबले नाहीत. वाटेत भेटेल त्याला विचारत, रिक्षा बदलत, त्यांनी मामींना एका गावाबाहेरच्या तलावावर नेलं. तिथल्या मासे धरणाऱ्याला गळ घातली आणि त्याच्या डोंग्यात मामींना बसवलं. "पाणीच पाहाचं होतं ना तुले?" मधोमध डोंगा हलला, तशी मामांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि मामी हसत सुटल्या. किनाऱ्यावर त्या माणसाच्या बायकोनं भाकरी आणि तळलेले मासे वाढले. मामा पुढं कितीतरी दिवस हे सगळ्यांना रंगवून सांगत आणि मामीही कौतुकानं ऐकत. पण एका दुपारी मेथी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "तलाव चांगला होता गं. पण त्याले पलीकडचा काठ होता."

गेल्या हिवाळ्यात मी मामींना कोकणात घेऊन गेले. मामा बडनेऱ्याला सोडायला आले. खिडकीचे गज धरून, "पाण्यात लई आत जाऊ नोको," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. गाडी हलली तरी त्यांनी गज लगेच सोडले नाहीत.

परतताना अकोल्याला गाडी थांबली. लोक चढत होते, उतरत होते, आणि त्या गर्दीतून घामाघूम झालेले मामा एकेक डबा धुंडाळत आमच्या डब्यात आले. कधी नव्हे ते मूर्तिजापूर ओलांडून, एकटे. मामी बघतच राहिल्या.

"तुमी इथं?"

"घरी करमून नाई राहिलं."

"एकटे आले?"

"मूर्तिजापूर आलं तवा सीट धरून बसलो. बाजूच्या बाईनं विचारलं, काहून काका, बरं नाई का? तिले म्हटलं, बायकोले आणाले चाललो."

मी उठून त्यांना मामींशेजारी जागा करून दिली. मामी समुद्राचं सांगू लागल्या. वाळू पायाखालून कशी सरकते, लाट येण्याआधी आवाज कसा येतो, उन्हात पाणी किती वेगळं दिसतं. मामा मध्ये एकही प्रश्न न विचारता ऐकत होते. शेवटी त्यांनी हलकेच विचारलं, "मी नव्हतो, तं तुले कसं वाटलं?"

मामींनी थोडा विचार केला. त्यांना खोटं बोलता येत नाही.

"पहिल्यांदा लई वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "पण पाय भिजले ना, तवा मी तुमाले इसरूनच गेली होती."

"बरं झालं," मामा म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले. मग मामींच्या मांडीवरची पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली, आणि कापसाची वावरं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.