फक्त पाहण्यापुरतं

काकांचं दुकान स्वारगेटला, पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं. मी तेव्हा हिंजवडीत नोकरीला होते आणि कॉम्प्युटरमधलं सगळं मलाच कळतं असा घरात एक समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही, कारण मला तो आवडायचा.

दुकानाचा सगळा कारभार काकांच्या टेबलाखालच्या एका कॉम्प्युटरात. वाघोलीच्या गोदामातून फोन यायचा, वारज्याच्या घरून त्यांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, फोन करायचा, आणि काका पडद्यावर बघून सांगायचे, काय शिल्लक आहे, कुठल्या वस्तूला काय दर. खंडेनवमीला त्या डब्याला झेंडूचा हार घालून दिवसभर बंद ठेवायचे, की आख्खा धंदाच बंद. एकदा त्याची हार्ड डिस्क गेली आणि कितीतरी दिवस कुणालाच काही सांगता येईना. दादा माझ्याकडे आला आणि मी लगेच क्लाउडचं घोडं पुढे दामटलं.

काकांना समजायला फार वेळ लागला नाही. म्हटलं, आपला कारभार आपल्या डब्यात न ठेवता एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर ठेवायचा. दुकानातून, गोदामातून, घरातून, सगळ्यांनी इंटरनेटवरून तोच बघायचा. यंत्रं बिघडली तर डोकेदुखी त्यांची. उन्हाळ्यात काम वाढलं की जास्त जागा घ्यायची, नंतर सोडून द्यायची.

"म्हणजे लग्नाची भांडी," काका म्हणाले. "घरात कुणी पन्नास पातेली ठेवत नाही. लागतील तेवढी भाड्यानं आणायची, घासून परत करायची."

"घासायचीही त्यांनीच."

"मग बरंय. जावईबापूंसारखं नुसतं जेवायचं."

काकांची एक जुनी रीत होती. नेहमीचं गिऱ्हाईक आलं की ते कॉम्प्युटरात त्या वस्तूचा दरच खाली आणायचे, बिल काढायचे आणि दर पुन्हा वर करून ठेवायचे. बिलावर 'सूट' लिहिलं की माणसाला उपकार केल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. एकट्या डब्यात हे वर्षानुवर्षं खपून गेलं. क्लाउडवर आल्यावरही त्यांनी असाच एकदा दर उतरवला, गिऱ्हाइकाबरोबर चहा घेत बसले, आणि तेवढ्यात वाघोलीहून त्याच दरानं एक मोठी ऑर्डर निघून गेली.

दादा चिडला, पण काकांवर नाही, माझ्यावर. "बाबांना बघू दे फक्त. बदलता यायला नको. आणि सांगू नकोस त्यांना, उगाच दुखावतील."

मी हरकत घेतली नाही. ऑफिसातल्या माझ्या जागेवर बसून काकांच्या नावापुढे 'फक्त पाहणे' निवडलं आणि कॉफी प्यायला उठले. दुकान ज्यांनी उभं केलं त्यांना त्यांच्याच दुकानात काचेबाहेर उभं केलंय, हे तेव्हा मनातही आलं नाही.

मग त्यांचे फोन येऊ लागले. "अगं, दर बदलायचं बटण कुठे गेलं? परवापर्यंत होतं."

"प्रोग्राम बदललाय काका, दादा करेल ते."

पुढे पुढे ते स्वतःच म्हणायला लागले, माझंच काहीतरी चुकत असेल. एकदा मी दुकानात गेले तर त्यांनी मला शेजारी बसवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून शिकव. पण सावकाश." मी शिकवलं. जे बटण त्यांच्या पडद्यावर नव्हतंच, त्याच्या आजूबाजूचं सगळं शिकवलं. ते शहाण्या मुलासारखी मान हलवत होते. मला माझीच शरम वाटत होती, तरी खरं काय ते सांगितलं नाही. दादाला दिलेला शब्द मोडायचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला काकांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

शेवटी राहवेना. एका सकाळी घरूनच त्यांचे सगळे अधिकार परत दिले, दादाला नंतर सांगू म्हटलं आणि दुकान गाठलं. काकांना म्हटलं, आता बघा. बटण होतं. त्यांनी एक दर बदलला, मग पूर्ववत केला.

"आपोआप आलं?"

"नाही. मीच काढलं होतं. दादा म्हणाला म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं."

"होतंच, काका."

"मागच्या आठवड्यात स्कूटर विकली मी," काका म्हणाले. "म्हटलं, ज्याला बटण सापडत नाही, त्याला ब्रेक काय सापडणार."