खऱ्या स्कॉटिश बॅगपाइपची वरात

ऐका हं, चहा निवला तर निवू दे! भावाच्या लग्नात करवली म्हणून मी जी माती खाल्ली, ती ऐकल्यावर तुम्ही मला लग्नाला बोलवायचंच बंद कराल.

लग्न इथेच, लोअर हट गावात. ढोल-ताशावाले काही मिळेनात. मी नवरीच्या आईला ठणकावून सांगितलं, "काकू, न्यूझीलंडमध्ये राहतोय आपण, खरा स्कॉटिश बॅगपाइप आणते वरातीला!"

माझे सासरे, आमचे बाबा, साताऱ्याहून आले होते. लष्करी बँडातून निवृत्त. म्हणाले, "अगं, मीच वाजवायचो की! गोऱ्या साहेबांनी पलटणीला शिकवला. साहेब गेले, पाइप राहिला. कुठून मिळाला तर मी..."

"बाबा, मला खरा स्कॉटिश हवाय!"

बाबांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पेपर उघडला.

मी ऑनलाइन बॅगपाइप वाजवणारा पायपर ठरवला. मेसेजखाली सही नुसती 'जे'. मी मनात जॉन काय, जेम्स काय, लालबुंद गालांचा उंच गोरा रंगवून मोकळी!

लग्नाच्या सकाळी हॉलवर कोट घातलेले एक मिशीवाले काका आले, हातात मोठी पेटी. म्हणजे नवरीकडचे! आणि पेटीत आहेर! मी ती घेतली आणि भेटवस्तूंच्या टेबलाखाली सारली.

"अहो ताई, मी ते..."

"संकोच करायचा नाही! बसा!" मी जिलबी वाढली.

"पण माझी पेटी..."

"मिळाली हो! कशाला एवढं आणायचं?" आणखी जिलबी. पाहुण्याला नाही म्हणू देते ती करवली कसली?

इकडे फाटकाशी नवरदेव फेटा बांधून तयार, मुहूर्त जवळ आलेला आणि पायपरचा पत्ता नाही! काकू दारात ओवाळायचं तबक घेऊन उभ्या. "कुठाय गं तुझा स्कॉटिश?"

मी घाईघाईने पायपरला फोन लावला. आणि रिंग वाजली कुठे? आमच्याच जेवणाच्या टेबलावर!

मिशीवाल्या काकांच्या एका हातात जिलबी, दुसऱ्या हातात फोन. "हॅलो, जाधव बोलतोय. ताई, मीच तो पायपर! केव्हाचा सांगतोय, पण तोंड उघडलं की तुम्ही जिलबी वाढताय!"

"मग वाजवा ना आता!"

जाधवांनी पोटावरून हात फिरवला. "फुंकायला जागा कुठं ठेवलीत?"

तेवढ्यात बाबांनी भेटवस्तूंच्या टेबलाखालून पेटी ओढली आणि जाधवांकडे पाहिलं. जाधवांनी मान डोलावली. बाबांनी फाटकाशी जाऊन बॅगपाइपची पिशवी काखेत घेतली, गाल फुगवले, आणि काय सांगू, असा सूर लागला! नवरदेव नाचला, काकू तबकासकट नाचल्या, शेजारचे किवी आजोबा "स्वीट ॲज!", म्हणजे 'एकदम झकास!', असं ओरडत कुंपणाबाहेर आले. मी तर रडत रडत नाचले.

वरात दारात पोचली. मी "बाबा, चुकलं माझं" म्हणायला तोंड उघडलं.

बाबांनी त्यात अख्खी जिलबी कोंबली. "संकोच करायचा नाही, सूनबाई!"