डावा पाय आत घ्या

"बाई, डावा पाय आत घ्या."

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात हे वाक्य मी रोज ऐकत असे. ऐकलं की टाइपरायटरवरची बोटं न उचलता मी डावा पाय खुर्चीखाली ओढून घ्यायची, आणि पुढच्याच क्षणी कागदाचा एक बोळा माझ्या खुर्चीच्या डाव्या अंगाने घसटत जाऊन खिडकीखाली आडव्या पडलेल्या कचऱ्याच्या डब्यात शिरायचा. मागून समाधानाचा हुंकार यायचा. मग दोघंही पुन्हा कामाला.

बोळा माझ्याच कागदांचा असायचा. औषधांच्या त्या कंपनीत मी टायपिस्ट होते आणि माझा स्पीड किती, हे मी न विचारता कुणालाही सांगायची. त्यातले बरोबर शब्द किती, हे कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं. मी बिघडवलेल्या कागदांमुळे त्याला सरावाला चेंडू कधी कमी पडला नाही. पुढे तो भारताच्या संघापर्यंत पोचला, त्यात माझा वाटा किती ते तुम्हीच ठरवा.

तो माझ्या मागच्या टेबलावर आवक-जावक बघायचा. म्हणजे बघावी अशी अपेक्षा होती. कंपनीने त्याला फुटबॉलसाठी घेतलं होतं. दुपार कलली की तो सरावाला जायचा आणि उरलेली पाकिटं माझ्या टेबलावर यायची. त्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये खोबरेल तेल चोपडलेले बूट असत. मी रोज मोगऱ्याचा गजरा माळून यायचे, आणि चहा येईपर्यंत त्या बुटांपुढे गजऱ्याने हात टेकलेले असायचे.

"अहो, हा ड्रॉवर बंद ठेवत जा ना."

"पोले पोले, बाई. चामड्याला जरा हवा लागू दे."

पोले पोले म्हणजे हळूहळू, सावकाश. ही त्याची तिकडची भाषा. तो जन्मला मोंबासाला. वडील मालवणकडचे सुतार, तरुणपणी बोटीने आफ्रिकेत गेले आणि तिथेच दुकान टाकून बसले. आईची प्रकृती बरी राहीना, तिला आपल्या माणसांत राहायचं होतं, म्हणून तो तिला घेऊन मुंबईला आला आणि मरोळला दोन खोल्यांत राहिला. वडील दुकान सोडून यायला तयार झाले नाहीत. ऑफिसात त्याला सगळे मोंबासाच म्हणायचे. हाक मारली की तो वळून बघायचा, त्यामुळे त्याचं खरं नाव वापरायची वेळ फक्त पगारवाटपाला यायची.

भारताच्या संघात त्याची निवड झाली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले गेले आणि लगेच वादही झाला. आमचे हेडक्लार्क डाव्या हाताने पेढा खात उजव्या हाताचं बोट नाचवत म्हणाले, "पण मला एक सांग रे, जन्म तिकडचा आणि खेळणार आपल्याकडून? हे चालतं? नक्की तू कुठला?"

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, जन्मताना मला कुणी विचारलं नव्हतं."

हेडक्लार्कांनी दुसरा पेढा उचलला.

आता माझ्या घरात फुटबॉल चालू असला की नात मोबाइलवरून डोकं वर न काढता सांगते, "आजी, हा बघ, हा त्या देशाचा नाहीच. जन्मलाय दुसरीकडे." निम्मा संघ असा असतो म्हणे, आणि त्यावर लोक जगभर भांडतात. मी भांडत नाही. तो माणूस गोल मारायला धावला की कुठल्या बाजूला मारतो, तेवढं बघत बसते. नात म्हणते, आजीला काही कळत नाही. नात अगदीच चुकीचं बोलते असं नाही.

पण बाजूचं मला का पडलंय, ते सांगते.

एकदा चहा पिताना मी त्याला विचारलं, "तुम्ही नेहमी डावीकडूनच का मारता हो? माझ्या उजव्या पायाने काय घोडं मारलंय?"

तो हसला. म्हणाला, मोंबासाला ते गल्लीत खेळायचे. उजव्या हाताला वडिलांचं दुकान. दुकानाबाहेर पॉलिश वाळायला कपाटं उभी असायची, आरशाची, काचेची. एकदा त्याने उजवीकडे मारला आणि लग्नासाठी सांगून करवून घेतलेल्या कपाटाचा आरसा गेला. वडिलांनी मारलं नाही. काचा वेचायला लावल्या आणि स्वतः शेजारी बसून वेचल्या. तेव्हापासून त्याचा चेंडू उजवीकडे गेला नाही. गल्ली सुटली, दुकान मागे राहिलं, पाय काही विसरला नाही.

"आणि वडील? ते येत नाहीत तुमचा खेळ बघायला?"

"त्यांनी एकदाच सांगितलंय. गल्लीतला धुडगूस बघायला मला वेळ नाही. एखाद्या देशाचा शर्ट घालून ये, मग दुकान बंद करून मैदानावर येईन." मग कपबशीकडे बघत म्हणाला, "मीही त्यांना सांगून आलोय. आता घालूनच येईन, नाहीतर दारात पाय ठेवणार नाही."

बाप आणि लेक, दोघेही एकाच लाकडाचे.

आणि बघा, योग तसाच जुळून आला. आपला संघ आफ्रिकेच्या दौऱ्यावर जाणार होता आणि त्यात मोंबासालाही एक सामना होता. पण त्याआधी केनियाचा संघ इकडे येणार होता. अंधेरीला तेव्हा नवं स्टेडियम झालं होतं, तिथे सामना. त्यात जो चांगला खेळेल तो दौऱ्यावर जाणार. त्या दिवसांत आमचा मोंबासा पाकिटांवर तिकिटं उलटी चिकटवायला लागला.

"त्यांचा गोलकीपर कोण आहे माहितेय, बाई? आमच्या गल्लीतला. माझ्याबरोबर त्यानेही त्या आरशाच्या काचा वेचल्यात."

"म्हणजे तुम्ही डावीकडे मारता हे त्याला माहीत."

"जगात त्यालाच माहीत."

मी तेव्हा चोवीस वर्षांची, मला सगळ्याचं उत्तर येत होतं. "मग उजवीकडे मारा. सोपं आहे."

"पोले पोले, बाई. डोक्याला सांगता येतं. पायाला कोण सांगणार?"

सामन्याला ऑफिसातले सगळे गेलो. मला त्याच्या आईशेजारी बसवलं, कारण बायका आम्ही दोघीच. आई नऊवारीतली बारकीशी बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. मला चष्मा लागला होता, पण चष्म्यात मी वयस्कर दिसते असा माझा समज असल्याने तो पर्समध्ये होता. त्यामुळे मैदानावर मला रंगीत ठिपके दिसत होते. आपला गोल डाव्या हाताचा, त्यांचा उजव्या हाताचा, एवढं मी सुरुवातीलाच विचारून पक्कं करून ठेवलं होतं. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मला सगळं येत होतं ना.

सामना संपत आला तरी गोल झाला नव्हता. आणि अचानक चेंडू आमच्या ठिपक्याला मिळाला. तो सगळ्यांना मागे टाकून एकटा धावत सुटला, डाव्या हाताच्या गोलकडे. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मीही उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "अहो, तिकडे नको, तो आपला गोल."

त्याने मारला. डावीकडे. गोलकीपर जणू आधीपासून तिथेच ठाण मांडून बसला होता. त्याने चेंडू पोटाशी धरला.

स्टेडियम एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत दोनच माणसं टाळ्या वाजवत होती. एक मी, कारण वाचलो बाई एकदाचे. आणि दुसरी माझ्या शेजारी, अगदी हळू, बांगड्यांचा आवाज होईल न होईल अशी.

पुढच्या रांगेतला माणूस वळला. "ओ मॅडम, कुणाच्या बाजूने आहात तुम्ही? डोकं ठिकाणावर आहे का?"

हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला दोन वाक्यांत फुटबॉल समजावला आणि मी मटकन खाली बसले. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"बस गे चेडवा. लाजा नको." मग मैदानावरच्या गोलकीपरकडे बघत म्हणाली, "माझ्या हातचा जेवललो पोर तो. माका ठावक होता, तो धरतलो."

टाळ्या वाजवताना ती काय करत होती, हे तिला पुरतं माहीत होतं. मुलाची मोंबासाची वाट त्या चेंडूबरोबर बंद झाली, हेही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि टाळ्याही तिच्याच होत्या. मी आपली मुकाट्याने पर्समधून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. तेव्हापासून आजतागायत उतरवलेला नाही.

दौऱ्याच्या संघात त्याचं नाव आलं नाही. मोक्याच्या वेळी चुकला, असं निवडणाऱ्यांचं म्हणणं. त्यांचंही बरोबरच होतं.

केनियाचा संघ परत जायच्या आदल्या दिवशी गोलकीपर मरोळला जेवायला आला. मलाही बोलावणं होतं, "टाळयो मारलली ती चेडू" म्हणून. दारातून वाकून आत येणारा तो उंच काळा तरुण आईच्या पाया पडला आणि थेट ओट्याशी जाऊन तव्यातला बांगडा उचलून खायला लागला. आई त्याला त्याच्या भाषेत रागे भरत होती. ती भाषा तिच्या तोंडी इतकी सरळ येत होती की मी बघतच राहिले. तिला आपल्या माणसांत यायचं होतं म्हणून ती इकडे आली होती, आणि त्या संध्याकाळी तिचा सगळा जीव त्या तव्याशी उभ्या असलेल्या पोरात होता.

निघताना आमच्या मोंबासाने आपला भारताचा शर्ट घडी करून गोलकीपरच्या हातात दिला. "बाबांना दे. मी येऊ शकलो नाही, म्हणावं. शर्ट आलाय."

महिनाभराने हेडक्लार्कांच्या केबिनमध्ये त्याला परदेशातून फोन आला. केबिनला काचेचं पार्टिशन होतं, माझ्या उजव्या हाताला. काचेतून आम्हाला त्याची पाठ दिसत होती. तो बोलत नव्हता, नुसता ऐकत होता. बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "काय हो?"

"बाबांनी शर्टासाठी हँगर केलाय. सागवानाचा. दुकानात लावलाय, गिऱ्हाइकांना दाखवतात." त्याने माझ्या टेबलावरची पाकिटं सरळ केली. "म्हणाले, शर्ट चांगला आहे. पण आत माणूस नाही."

त्याच आठवड्यात त्याने राजीनामा दिला, आईला घेऊन मोंबासाला परत जायचं म्हणून. हेडक्लार्क हादरले. "अरे, पर्मनंट नोकरी आहे. पुढच्या वेळी संघात घेतील तुला. आणि इतकं करून तू आता इकडचा की तिकडचा?"

"आताही नका विचारू, साहेब," तो म्हणाला.

शेवटच्या दिवशी त्याने बूट कागदात गुंडाळले, आईने दिलेले लाडू सगळ्यांना वाटले, आणि माझ्या टेबलावरचा एक बिघडलेला कागद उचलून चुरगाळला. मी सवयीने डावा पाय आत घेतला.

"नाही, बाई," तो मागून म्हणाला. "उजवा घ्या."

मी उजवा घेतला. बोळा माझ्या खुर्चीच्या उजव्या अंगाने गेला, डब्याच्या आसपासही फिरकला नाही, आणि हेडक्लार्कांच्या काचेवर जाऊन टप्पकन आपटला. आत हेडक्लार्कांनी दचकून मान वर केली.

काच शाबूत होती. कागदाचाच तर चेंडू. मी वळून बघितलं तर तो एका पायावर तसाच थांबला होता, कान काचेकडे लावून, अजून काही फुटतंय का ते ऐकत.