आत्याची पाठ

भावाला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच बारसं आठवलं. सख्खी आत्या मी एकटीच. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं काम माझं, आणि मला वाकता येत नव्हतं.

म्हणजे वाकता यायचं, पण वाकल्यावर जमीन कुठं आहे ते कळायचं नाही. गेल्या वर्षी नांदेडात शाळेतून घरी येताना रातोरात उगवलेल्या एका गतिरोधकावर माझी स्कुटी उडाली. डोकं उजव्या बाजूनं आपटलं, कानामागचं हाड तडकलं. हाड जुळलं, कान गेला. डॉक्टर म्हणाले, नसच गेलीय, मशीन लावून उपयोग नाही. आणि तोलही कानातूनच सांभाळला जातो, म्हणून चक्कर. मी विज्ञानाची बाई. कानाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. त्यातल्या त्या वाकड्या नळ्या परीक्षेला येत नाहीत म्हणून भरभर पुढं जायचे. आता त्यांच्याशिवाय दुसरा विषय नाही.

मेलेल्या कानानं निदान गप्प बसावं. तोही बसत नाही. पिठाच्या गिरणीसारखा सारखा चालू. त्यामुळं मला एका जागी बसवत नाही. बसले की गिरणी ऐकू येते, उठले की भिंत धरावी लागते. घरात मोबाइल वाजला तर आवाज कुठून येतोय ते कळत नाही. मी स्वयंपाकघरात शोधते आणि तो माझ्याच पर्समध्ये असतो. लोकांचं म्हणाल तर दोन जाती. एक जात माझ्याशी बोलताना ओरडते. दुसरी म्हणते, "दुसरा कान हाय की, देवानं दोन कशाला दिलेत?" हे सगळं पूर्वी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देता यायचं. आता बाहेर जायची वाटच बंद. जे आत जातं ते तिथंच राहतं.

बारशाची तारीख ठरल्यापासून मी सराव सुरू केला. पलंगावर चादरीची गुंडाळी ठेवायची, तिला बाळ समजायचं आणि वाकायचं. पहिल्या दिवशी मी बाळावरच पडले. मग हळूहळू युक्ती सापडली. आधी गुडघे टेकायचे, डोळे एका ठिपक्यावर रोवायचे आणि मान झुकवताना घाई करायची नाही. एकदा नवरा दारात येऊन उभा राहिला.

"काय करून राहिलीस?"

"नाव ठेवून राहिले."

"कुणाला?"

"सध्या तरी तुम्हालाच."

तो हसला, पण जाताना पलंगाच्या कडेला उशा रचून गेला. मला त्या उशांचाही राग आला. त्या वर्षात मला कशाचाही राग यायचा.

आदल्या दिवशी आम्ही लातूरला माहेरी पोचलो. बसमध्ये सगळं गरगरलं होतं, म्हणून मी दुपारी आतल्या खोलीत उजव्या कुशीवर पडले. बाहेर आई आणि वहिनी घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या. नेमका कुठला कान गेलाय हे आमच्या घरात कुणाच्याच लक्षात राहत नाही. मी कानावर पडलेय म्हणजे ऐकू येणार नाही, असं आईला वाटलं असावं. चांगला कान वर होता.

"धाकलीला सांगितलंय मी," आई म्हणाली. धाकली म्हणजे माझी चुलत बहीण. "ती सांगंल नाव."

"पण अक्का हायत ना," वहिनी म्हणाली.

"हाय की. बसंल शेजारी. घुगऱ्याचं ताट देऊ हातात. चक्कर येऊन लेकरावर पडली म्हंजे?"

वहिनीचं लेकरू, ती काय बोलणार? आईचंही चूक नव्हतं. मलाही तीच भीती होती, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी झटक्यात उठले, अर्थातच खोली फिरली, भिंत धरत धरत बाहेर आले.

"नाव मीच सांगणार."

"बाई, तुला आयकू..."

"आलं. सगळं आलं."

आईनं हरभऱ्यांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "लेकरू हाय गं ते. पडलीस तर?"

"न्हाई पडणार," मी म्हटलं. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. वहिनीनं उठून मला खाली बसवलं आणि बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. पाळण्याचं गाणं, पंखा, भांडी, पोरांचा दंगा, एका कानात सगळ्याचा काला. मी पाळण्याशी गुडघे टेकले. धाकली माझ्यामागं विकेटकीपरसारखी हात पसरून उभी होती. मी बाळाच्या दुपट्यावरच्या एका लाल फुलावर डोळे रोवले आणि झुकले. एक क्षण पाळणा डावीकडं कलला, की मी कलले, कुणास ठाऊक. मग थांबला. डावा कान बाळाच्या तोंडाशी आला आणि त्या गलक्यात मला तिचा बारीक श्वास ऐकू आला. मी नाव सांगितलं. "कुर्र्र" केलं.

आता धपाटे. आत्यानं कुर्र केलं की बायका तिच्या पाठीत धपाधप मारतात, आमच्याकडं त्यात दयामाया नसते. मी पाठ ताठ करून, दात आवळून थांबले. काहीच झालं नाही. मी सावकाश मान वळवली. सगळ्या जणी हात मागं घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडं दवाखान्यात बघतात तसं बघत होत्या. आईनं दारातच एकेकीला सांगून ठेवलं होतं, हिच्या पाठीला हात लावू नका, डोक्याला हादरा बसतो.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"मारा की गं!" मी ओरडले. "आत्या हाय ना मी? पाठ काय फुटली न्हाई माझी!"

कुणी हललं नाही. मग आई पुढं आली. तिनं हात पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला, लेकराला झोपवताना ठेवतात तसा.

"असं न्हाई, माय," मी म्हटलं. "जोरात."

आणि तिनं मारला. लहानपणी मारायची तसा, सणसणीत. त्यामागून वहिनीनं, धाकलीनं, मग सगळ्यांनी. पाळणा, बायका, पंखा, सगळं घर माझ्याभोवती फिरायला लागलं. मी पाळण्याची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हटलं, फिरू दे.